घरी नेलेले कागद

हिंजवडीला नोकरी करणारी माझी एक मैत्रीण आहे. एका मोठ्या कंपनीत सहा वर्षं काढून तिनं ती सोडली. शेवटच्या दिवशी दुपारी लॅपटॉप जमा झाला, गळ्यातलं कार्ड जमा झालं, संध्याकाळी सहाच्या आत ईमेल बंद. घरी आणलं काय, तर एक मग, कुंडीतलं एक रोपटं आणि टीम आउटिंगचा फ्रेम केलेला फोटो. रात्री फोनवर म्हणाली, "सहा वर्षं मी नक्की काय केलं, याचा माझ्याकडे एक कागद नाही गं. उद्या कुणी विचारलं तर सांगायचं काय? एनडीए आहे म्हणून?"

मी तिला लिन कॉनवेची गोष्ट सांगायला घेतली आणि ती फोनवर मावेना. म्हणून इथे लिहिते आहे.

१९६४ साली लिन आयबीएममध्ये नोकरीला लागली. आज तुम्ही ज्या दोन-तीन कंपन्यांच्या ऑफर लेटरची स्वप्नं बघता, त्या सगळ्या एकत्र केल्या तरी तेव्हाच्या आयबीएमचा दरारा पुरता कळणार नाही. लाखाहून जास्त कर्मचारी. कॉम्प्युटरच्या धंद्यात बाकीचे सगळे मिळून हिच्या कमरेला लागत नव्हते. पांढरा शर्ट, गडद सूट, भिंतीवर 'थिंक' अशी पाटी. आधीच्या पिढीत तर कंपनीची गाणी होती, ती बैठकांमध्ये उभं राहून म्हणायची आणि त्यांचं छापील पुस्तक होतं. नोकरी एकदा लागली की निवृत्तीपर्यंत, हा न लिहिलेला करार होता. त्या बदल्यात कंपनी म्हणेल त्या गावाला बिऱ्हाड हलवायचं. आयबीएम म्हणजे 'आय हॅव बीन मूव्हड', असा विनोद तिथले लोकच करत.

त्याच वर्षी ७ एप्रिलला कंपनीनं सिस्टिम/३६० नावाचं आपलं सगळ्यात मोठं घोडं मैदानात आणलं होतं. पाच अब्ज डॉलरचा जुगार. पण कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन ज्युनिअर यांच्या पायात वेगळाच काटा रुतला होता. १९६३च्या ऑगस्टमध्ये कंट्रोल डेटा नावाच्या लहानशा कंपनीनं ६६०० हा जगातला सगळ्यात वेगवान कॉम्प्युटर जाहीर केला होता. तो बनवणारी सेमूर क्रे यांची प्रयोगशाळा विस्कॉन्सिनमधल्या चिपेवा फॉल्स या आडगावात. वॉटसननी आपल्या अधिकाऱ्यांना एक मेमो लिहिला, तो आजही कॉम्प्युटरच्या इतिहासात सांगितला जातो. त्या प्रयोगशाळेत झाडूवाल्यासकट अवघी ३४ माणसं आहेत, आणि आपण एवढा पसारा मांडूनही मागे कसे पडलो, असा त्याचा सूर होता. यावर क्रे यांनी म्हटलं, की साहेबांनी प्रश्नातच उत्तर देऊन टाकलंय.

मोठ्या कंपनीला असा अपमान झाला की ती काय करते? एक वेगळी टीम काढते, तिला मुख्य ऑफिसपासून लांब नेते, पैसा ओतते आणि सांगते की आता तुम्ही छोट्या कंपनीसारखे वागा. हे आजही चालतं, फक्त नावं बदलतात. आयबीएमनं न्यूयॉर्कजवळच्या आपल्या संशोधन केंद्रात आधीपासून चाललेल्या 'प्रोजेक्ट वाय'ला बळ दिलं आणि १९६५ मध्ये अख्खी टीम कॅलिफोर्नियाला हलवली. आता तिचं नाव अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्प्युटिंग सिस्टिम्स, एसीएस. त्या टीममध्ये कोण होतं बघा. जॉन कॉक, ज्यांना पुढे १९८७चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं. फ्रॅन अ‍ॅलन, ज्या २००६ साली हे पारितोषिक मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. आणि या दिग्गजांच्या घोळक्यात कोलंबिया विद्यापीठातून नुकतीच बाहेर पडलेली, सत्ताविशीतली लिन.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. तेव्हा तिचं नाव लिन नव्हतं आणि ऑफिसात सगळे तिला पुरुष समजत होते. लग्न झालेलं, दोन लहान मुली. ते जुनं नाव मी इथे लिहिणार नाही. तिनं ते मागं टाकलं, आपणही टाकू.

तर काम काय होतं? प्रोसेसरला सूचनांची एक यादी मिळते आणि तो ती वरून खाली एकेक करत जातो, अशी आपली साधी समजूत. दिवाळीच्या फराळाची यादी समजा. पहिलं काम चकल्या, मग शंकरपाळे, मग चिवडा. भाजणी गिरणीतून दळून आलेली नाही. यादी तंतोतंत पाळणारी बाई भाजणीची वाट बघत बसेल आणि चारही शेगड्या थंड राहतील. शहाणी बाई काय करते? भाजणी येईतोवर शंकरपाळ्याचं पीठ मळते, पलीकडच्या शेगडीवर पोहे भाजायला घेते. फक्त एवढं बघते, की एका कामाला दुसऱ्यातून निघणारी वस्तू लागत असेल तर त्यांची उलटापालट होता कामा नये. आता हेच सेकंदाच्या अतिसूक्ष्म तुकड्यात, माणसाच्या मदतीशिवाय, तारा आणि ट्रान्झिस्टर यांच्याकडून करवून घ्यायचं. शिवाय एका ठोक्याला एकच नाही, अनेक कामं सोडायची.

हा प्रश्न एकट्या लिनला पडला होता असं नाही. क्रे यांच्या ६६०० मध्ये याचं एक रूप होतं, आयबीएमच्याच दुसऱ्या एका टीममध्ये रॉबर्ट टोमासुलो यांनी आणखी एक काढलं, आणि त्याचा निबंध १९६७ साली छापूनही आला. पण एकाच ठोक्यात अनेक सूचना, त्याही क्रम सोडून, सुटसुटीतपणे सोडायची युक्ती लिनला सापडली. १९६६च्या फेब्रुवारीत तिनं तीन सहकाऱ्यांबरोबर तो मेमो लिहिला: डायनॅमिक इन्स्ट्रक्शन शेड्युलिंग. ती तेव्हा २८ वर्षांची होती. मग या न बनलेल्या मशीनचं वागणं ठोक्याठोक्यानं तपासणारा सिम्युलेटरही तिनं लिहिला, आणि टीम त्यावर आपल्या कल्पना घासूनपुसून बघू लागली.

मोठ्या कंपनीतल्या इंजिनिअरच्या आयुष्यात असे दिवस येतात. थोडेच येतात, पण येतात. आजूबाजूला आपल्याहून हुशार माणसं, पैशाची चिंता नाही, आणि जगात कुणी न सोडवलेला प्रश्न समोर. पगार, कॅन्टीन, शेअर हे सगळं ठीक आहे, पण माणसं टिकतात ती या दिवसांसाठी, असं मला वाटतं. कंपन्यांनाही ते पुरतं ठाऊक असतं.

१९६८ मध्ये लिननं आपल्या वरिष्ठांना सांगितलं, की ती वैद्यकीय उपचार घेत आहे आणि यापुढे स्त्री म्हणून जगणार आहे. तिच्या थेट वरच्या साहेबांनी समजून घेतलं. नव्या नावानं कंपनीतच दुसरीकडे काम देता येईल का, याचा विचारही चालला होता. प्रकरण वर गेलं. आणि वर जाता जाता त्याचं रूप बदललं, कारण वरच्या मजल्यावर लिन नावाची माणूस कुणाला माहीत नव्हती. तिथे फक्त एक 'प्रकरण' होतं, आणि पेपरात छापून आलं तर काय, ही भीती. निर्णय थेट वॉटसन यांच्यापर्यंत गेला. २९ ऑगस्ट १९६८ रोजी लिनला काढून टाकलं.

याच वॉटसननी १९५३ साली, अमेरिकेत कायद्यानं सांगण्याच्या अकरा वर्षं आधी, लेखी धोरण काढलं होतं की आयबीएममध्ये भरती करताना वंश, वर्ण, धर्म बघितला जाणार नाही. दक्षिणेतल्या राज्यांना ते झोंबलं, तरी ते मागे हटले नाहीत. हे खोटं नव्हतं, आणि लिनला काढणं हेही खोटं नव्हतं. कंपनीचा चांगुलपणा धोरणाच्या कागदावर जेवढा लिहिलेला असतो, तेवढाच असतो. त्यात ज्याचं नाव नाही त्याचं काय होईल, हे वरच्या माणसाच्या त्या दिवशीच्या धीरावर अवलंबून.

नोकरीच्या मागोमाग सगळंच गेलं. लग्न मोडलं. मुलींना भेटणं बंद झालं. धाकटी तर अगदी लहान होती. ज्या टीमसाठी हे सगळं लपवून काम केलं, तीही फार टिकली नाही. जीन अ‍ॅमडाल यांच्या आग्रहावरून मशीनचा आराखडा बदलून तो सिस्टिम/३६०शी जुळता केला गेला आणि १९६९च्या मे महिन्यात कंपनीनं प्रकल्पच गुंडाळला. एसीएसचं मशीन कधी बनलंच नाही. त्यातल्या कामाबद्दल बाहेर फारसं काही छापूनही आलं नाही.

म्हणजे बघा: माणूस काढलं, प्रकल्प बंद, मशीन नाही, निबंध नाही. आणि जे काही कागद होते त्यांच्यावरच्या नावाकडे बोट दाखवून "ही मी" असं म्हणायची सोय तिला उरली नव्हती. जुनं नाव सांगितलं की नवं आयुष्य संपणार.

मग तिनं पहिलीपासून सुरुवात केली. बायोडेटात चार वर्षांचं भगदाड. १९६९ मध्ये कंत्राटी प्रोग्रॅमर म्हणून एक साधं काम मिळालं. तिथून मेमोरेक्समध्ये, आणि १९७३ साली झेरॉक्सच्या पालो अल्टोमधल्या संशोधन केंद्रात, म्हणजे पार्कमध्ये. वय ३५. तिच्या पहिल्या आयुष्याबद्दल मोजक्या लोकांखेरीज कुणालाही माहीत नव्हतं. कॅन्टीनमध्ये कुणी सहज विचारलं असेल, "आधी कुठे होतीस?" तर काय उत्तर देत असेल ती? आपल्यासाठी हा प्रश्न लिफ्टमधला. तिच्यासाठी तो प्रत्येक वेळी परीक्षेचा.

पुढचा भाग मी भरभर सांगते, कारण तो पुस्तकांत नीट नोंदलेला आहे आणि माझा मुद्दा वेगळा आहे. पण तो सांगितल्याशिवाय ही बाई किती मोठी होती ते कळणार नाही. सत्तरच्या दशकात चिपचा आराखडा काढणं ही सेमीकंडक्टर कंपन्यांतल्या मोजक्या लोकांची विद्या होती. प्रत्येक कारखान्याची रीत वेगळी, नियमांची चोपडी वेगळी. कॅलटेकचे कार्व्हर मीड आणि लिन यांनी ती चोपडी फाडून चार पानांवर आणली. मोजमाप मायक्रॉनमध्ये न सांगता एका सोयीच्या एककात सांगायचं, म्हणजे उद्या ट्रान्झिस्टर लहान झाले तरी नियम तेच राहतात. १९७८ मध्ये एमआयटीत तिनं हा अभ्यासक्रम शिकवला. विद्यार्थ्यांनी सत्र संपता संपता चिपचे आराखडे काढले, ते कॅलिफोर्नियाला गेले, आणि साधारण सहा आठवड्यांत खऱ्या चिप बनून त्यांच्या हातात आल्या. पुढच्या वर्षी हाच प्रयोग डझनभर विद्यापीठांत झाला. शंभराहून अधिक जणांचे आराखडे, इंटरनेटची आजी असलेल्या अर्पानेटवरून मागवलेले. कारखाना एका विद्यार्थ्याच्या चिपसाठी कोण चालवणार? आपल्याकडे पूर्वी नानकटाईचं पीठ घेऊन बायका बेकरीत जायच्या. भट्टी एक, पत्रा एक, त्यावर पाच घरांची नानकटाई. तसंच, एका चकतीवर सगळ्यांच्या चिप.

मीड-कॉनवे यांचं पुस्तक जगभरच्या विद्यापीठांत गेलं. आज ज्या कंपन्यांकडे स्वतःचा कारखाना नाही आणि तरी त्या चिपचे आराखडे काढून दुसऱ्याकडे बनवून घेतात, त्या पद्धतीचं मूळ शोधत गेलात तर या नानकटाईच्या पत्र्यापाशी पोचाल.

इकडे नव्वदच्या दशकात दुसरी गंमत झाली. एका ठोक्यात अनेक सूचना, क्रम सोडून, असे प्रोसेसर बाजारात आले. सुपरस्केलर हा शब्द पाठ्यपुस्तकांत आला. लिन तेव्हा मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक होती. आपण तीस वर्षांपूर्वी सोडवलेलं कोडं नवं म्हणून शिकवलं जाताना पाहणं, आणि वर्गात हात वर करता न येणं.

१९९८च्या अखेरीस तिला वेबवर एक पान दिसलं. क्लेमसन विद्यापीठातले प्राध्यापक मार्क स्मॉदरमन हे या जुन्या एसीएस प्रकल्पाचा इतिहास शोधत होते. कुणीच फारसं लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते तुकडे गोळा करत होते.

लिनकडे तुकडे नव्हते. तिच्याकडे जवळपास सगळंच होतं. १९६८ मध्ये नोकरी गेली, घर गेलं, भाड्याच्या खोल्या बदलल्या, राज्यं बदलली, आणि या सगळ्या उलथापालथीत तिनं एसीएसचे मेमो, आराखडे, टिपणं जपून ठेवली होती. तीस वर्षं. ज्या कंपनीनं हाकललं तिचे कागद, ज्या नावाला ती घाबरत होती त्या नावाचे. स्मॉदरमन यांना सांगायचं तर हे कागद आले कुठून ते सांगावं लागणार, आणि ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. त्या वर्षी ती साठीत होती, निवृत्त झालेली. तिनं सांगितलं. आधी त्यांना, मग सहकाऱ्यांना, मग स्वतःच्या वेबसाइटवर जगाला. २००० साली लॉस एंजेलिस टाइम्सनं तिच्यावर मोठा लेख छापला.

मग मान्यता आली, म्हाताऱ्या वयात येते तशी, सावकाश. २००९ साली आयट्रिपलईच्या कॉम्प्युटर सोसायटीनं तिला जे पारितोषिक दिलं, त्यात १९६६च्या त्या मेमोतल्या कामाचा उल्लेख होता.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. गोष्ट ऐकून ती पटकन म्हणाली, "पण कागद घरी ठेवले म्हणजे... चालतं ते?" प्रश्न बरोबर आहे. कंपनीत केलेलं काम कंपनीचं, हा नियम तेव्हाही होता. आज तर कुणी असं केलं तर ईमेलला फाइल जोडतानाच धोक्याची घंटा वाजेल आणि दुसऱ्या दिवशी एचआरचं बोलावणं येईल. मी कुणालाही असं करायला सांगत नाही. पण आयबीएमच्या स्वतःच्या कपाटांतून हा इतिहास बाहेर आला नाही, तो काढून टाकलेल्या एका बाईच्या घरातून आला, हेही तितकंच खरं. कंपनी कागद ठेवते ते पेटंटसाठी, कोर्टासाठी, करासाठी. कोणाला काय सुचलं होतं याची आठवण ठेवणं हे तिचं खातं नाही. साठच्या दशकात निदान कागद होते, खोक्यात मावत होते. आज माझ्या मैत्रिणीची सहा वर्षं कुठल्यातरी सर्व्हरवर आहेत आणि तिच्या नावापुढे आता 'निष्क्रिय वापरकर्ता' लिहिलेलं असेल. पन्नास वर्षांनी कुणी स्मॉदरमन शोधायला आला, तर तो कुणाच्या माळ्यावर शोधेल?

२०२०च्या ऑक्टोबरमध्ये आयबीएमनं लिनची माफी मागितली. ५२ वर्षांनी. करोनाचे दिवस, त्यामुळे कार्यक्रम ऑनलाइन, शेकडो कर्मचारी आपापल्या घरून बघत होते. एचआरच्या प्रमुख अधिकारी डायन गर्सन यांनी कंपनीच्या वतीनं चूक मान्य केली आणि तिला जीवनगौरव दिला. लिन ८२ वर्षांची होती. तिला काढणाऱ्या वॉटसनना जाऊन जवळजवळ २७ वर्षं झाली होती. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं, की ट्रान्सजेंडर आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढणं १९६४च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध आहे. १९६४, म्हणजे लिन आयबीएममध्ये रुजू झाली ते वर्ष. कायद्याचे शब्द तिच्याबरोबरच नोकरीला लागले होते. त्यांचा अर्थ लागायला एवढा वेळ गेला. माफी उशिरा आली म्हणून खोटी होती असं मी म्हणणार नाही. आतल्या काही कर्मचाऱ्यांना हे व्हावंसं वाटलं असणार, नाहीतर मोठी कंपनी एवढ्या जुन्या फाइलीला आपण होऊन हात लावत नाही.

९ जून २०२४ रोजी लिन मिशिगनमध्ये वारली. ८६ वर्षांची होती.

तिनं ते कागद स्कॅन करून वेबवर टाकून दिले होते. मी मैत्रिणीला पाठवले आणि कंपनीच्या नव्या बसमध्ये, वाकडच्या ट्रॅफिकमध्ये, तिनं ते फोनवर उघडले. फेब्रुवारी १९६६चा तो प्रसिद्ध मेमो तिनं वरवर चाळला. ती थांबली ती दुसऱ्या एका मेमोवर. त्यात एखादा कॉम्प्युटर घडवताना कामाचे टप्पे कसे पाडावेत, कोणी कोणाला कधी काय द्यावं, चुका कुठे पकडाव्यात, याची पुढची सगळी योजना लिनने मांडली आहे. मला तिचा मेसेज आला: "अगं, हे आमच्या प्लॅनिंग डॉक्युमेंटसारखंच आहे. कधीचं आहे?"

मी कळवलं, ऑगस्ट १९६८.